बिनपावतीची बहीण

जालना, १९ जून

शिवनारायणभाऊ,

फोनवर तुम्हाला माझं निम्मंच ऐकू येतं, आणि उरलेलं निम्मं तुमची सून पलक तुमच्या वतीनं ऐकून घेते. म्हणून पत्र. जन्मभर मोंढ्यात मुनिमी केलीत, कागदावर उतरलेलं तुम्ही बारकाईनं वाचता हे मला माहीत आहे. तेव्हा इचलकरंजीच्या घराला जी काही खिडकी असेल तिच्याशी बसा, चष्मा पुसा आणि शेवटपर्यंत वाचा.

आधी खुशाली. ह्यांची साखर वर-खाली होत असते. डाव्या पायाला अजून काही झालेलं नाही. उजवा कापून चार वर्षं होतील, तरी मधूनच म्हणतात, "सत्यशीला, उजव्या अंगठ्याला खाज सुटून राह्यली." मी म्हणते, खाजवा मग. मग दोघंही हसतो. खरिपाची पेरणी सुरू झाली तसं बियाण्याच्या कंपनीतलं माझं पिशव्या भरायचं काम थांबलं. आता रब्बीच्या आधी बोलावतील.

आता मुद्द्याचं. परवा दारात एक माणूस येऊन उभा राहिला, हातात टेप. "पारसभाऊंनी पाठवलं," एवढंच म्हणाला आणि चपला न काढता स्वयंपाकघर मोजायला लागला. जाताना दाराबाहेरच्या उताराकडे बघून म्हणाला, "हे तोडावं लागंल. इथं माझी गाडी बसती."

उतार कोणता ते तुम्हाला सांगायला नको. ह्यांची चाकाची खुर्ची बाहेर निघावी म्हणून दोन पायऱ्यांवर सिमेंट टाकून घेतलं, तेव्हा तुम्हीच धोतराचा सोगा हातात धरून गवंड्याला ढाळ दाखवत होतात. हे रोज सकाळी त्या उतारावरून खाली जातात, कॉलनीच्या फाटकापर्यंत चक्कर मारतात आणि येताना कोणी ना कोणी मागून ढकलतं. दिवसभरात त्यांना तेवढंच जग आहे.

मला वाटतं, तुम्हाला यातलं काही माहीत नाही. तुमच्या पारसनं बापाला न विचारता परस्पर माणूस पाठवला असणार. हे पत्र त्याच्या हाती पडलं तर त्यालाही वाचू दे, कारण त्याला काही गोष्टी माहीत नसतील, म्हणून पहिल्यापासून लिहिते.

सरकारी घरकुलाच्या सोडतीत तुमचं आणि प्रेमबाईंचं नाव निघालं. अनुदान मिळालं, इमारत उभी राहिली, आणि किल्ली हातात येईपर्यंत प्रेमबाईच राहिल्या नाहीत. तुम्हाला त्या घरात एक दिवस बसवलं नाही. आम्ही तेव्हा जुन्या जालन्यात दुसऱ्या मजल्यावर भाड्यानं होतो आणि ह्यांना दवाखान्यातून आणलं तेव्हा चौघांनी उचलून वर चढवलं होतं. ह्यांनी तुमच्या पेढीचा माल टेम्पोनं वाहिला, तेवढीच आपली ओळख. तुम्ही आलात, खुर्चीवर बसलात आणि किल्ली ह्यांच्या मांडीवर ठेवलीत. "कारभारी, खालच्या मजल्याचं घर हाये. बंद पडून राह्यलंय. तुमी राहा, महिन्याच्या महिन्याला भाडं द्या. पण एक ध्यानात ठेवा, योजनेच्या घरात भाडेकरू ठेवता येत न्हाई. कोणी विचारलं तर नातेवाईक म्हणायचं."

आणि वर्षाच्या आत कोणी तरी विचारलंच. कार्यालयाचा माणूस तपासणीला आला. "लाभार्थी कुठं? तुमी कोण?" माझ्या तोंडून निघून गेलं, "बहीण." त्यानं कागदावरचं तुमचं नाव बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. "आडनाव तर कुठूनच जुळत न्हाई." मी म्हटलं, "मानलेली." तो हसला आणि लिहून घेतलं की नातेवाईक, विनाभाडे राहतात. मी सही केली.

मला सख्खा भाऊ नाही, हे तुम्हाला माहीत आहे. देवाला खोटं वाटू नये म्हणून त्याच श्रावणात मी तुम्हाला राखी बांधली. पहिल्या वर्षी ते नाटकच होतं. दुसऱ्या वर्षी तुम्ही सकाळपासून उपाशी बसून राहिलात, राखी बांधल्याशिवाय खायचं नाही म्हणून. नाटक कधी संपलं ते मला कळलंच नाही.

भाड्याचंही तसंच. तुम्ही एक तारखेला यायचात, चहा प्यायचात, मी बशीखाली पैसे ठेवायची. एकदा मी पावती मागितली. तुमचा चेहरा असा पडला की मलाच चोरट्यासारखं झालं. "बहिणीला पावती फाडू का मी?" म्हणालात. परत कधी मागितली नाही. इचलकरंजीला गेल्यावर तुम्ही म्हणालात, खात्यावर नको, खात्यावर दिसतं. पेढीवर देऊन ठेवा, येणारा-जाणारा आणील. तेही बराबर पोचत आलं.

तर भाऊ, पारसला समजावून सांगा. आणि तुमच्या अक्षरात एक ओळ मला पाठवा, म्हणजे टेपवाला परत आला तर त्याच्यापुढे धरता येईल.

तुमची बहीण,
सत्यशीला


जालना, १० जुलै

घरमालक श्री. शिवनारायण यांना,

आज हेच लिहिते. राग आला आहे आणि तो लपवायची मला सवय नाही.

पारस स्वतः येऊन गेला. मी पोहे केले. त्यानं आधी आईच्या फोटोला हात जोडले. प्रेमबाईंचा फोटो तुम्ही ठेवून गेलात त्याच कोनाड्यात आहे, मी रोज फूल घालते. पारस तिथं जरा वेळ उभा राहिला, तेव्हा मला वाटलं, सगळं सुरळीत होईल. मग तो बसला आणि पोह्यांना हात न लावता म्हणाला, "काकू, दिवाळीच्या आत घर रिकामं पाहिजे."

"भाऊंना विचारलंस?"

"बाबांना आता कायी विचारायचं न्हाई. त्यांना चिंता दिली की त्यांचं बीपी वाढतं."

त्याचं सुताचं दुकान बुडालं, हे त्यानंच सांगितलं. टेपवाल्याकडून इसार घेऊन बसला आहे. ठरलेली वर्षं संपेपर्यंत हे घर विकता येत नाही, पण हे लोक मुखत्यारपत्र करून आत्ताच ताबा देतात म्हणे. तो काही उर्मटपणानं बोलला नाही, हे सांगायला हवं. डोळ्यांखाली काळं आलं आहे त्याच्या. पण मी म्हटलं, "मी भाडं देते. भाडेकरूला असं उठवता येत नाही," तेव्हा तो पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघून म्हणाला, "काकू, तुमी तर बहीण ना? मंग भावाच्या घरात किती वर्षं राहता?"

 माझी बोलती बंद झाली असं ह्यांनी लग्नानंतर पहिल्यांदाच बघितलं असेल. मग तो म्हणाला, "अन् भाडेकरू असाल तर पावती दाखवा."

तो गेला आणि तिसऱ्या दिवशी घरातली लाईट गेली. आधी वाटलं सगळ्या कॉलनीची गेली असेल. मग शेजारच्या नंदाबाईंच्या घरात पंखा फिरताना दिसला. मीटर तुमच्या नावावर. पारसनं अर्ज देऊन कनेक्शन काढायला लावलं. ह्यांचं इन्शुलिन फ्रीजमध्ये असतं, ते नंदाबाईंच्या फ्रीजमध्ये नेऊन ठेवलं. दिवसातून दोनदा सुई घ्यायला मी त्यांच्या दारात उभी असते. त्या काही म्हणत नाहीत, पण त्यांच्या सुनेनं काल फ्रीजचं दार जरा जोरातच लावलं.

तुम्ही म्हणाल, मुलीकडे जा. तृप्ती घनसावंगीला एकत्र कुटुंबात आहे. सासू-सासरे, दीर-जावा, सगळे तीन खोल्यांत. तिथं जावयाच्या दारात खुर्चीसकट सासरा नेऊन ठेवू का? ती ये म्हणते. ये म्हणताना तिचा आवाज कसा होतो ते मला ऐकू येतं.

तुमचं उत्तर नाही. पहिलं पत्र पोचलं की नाही तेही माहीत नाही. पोचलं असेल तर मी तुम्हाला विचारते: पावती मागितल्यावर तुम्हाला वाईट वाटलं होतं, ते कशासाठी? मला बहीण समजत होता म्हणून, की पावती द्यायची नव्हती म्हणून? इतकी वर्षं मी पहिलंच धरून चालले. या आठवड्यात रोज दुसरं मनात येतं आणि ते आलं की मला माझीच लाज वाटते.

खाली काय लिहू ते सुचत नाही.

सत्यशीला


जालना, १ ऑगस्ट

शिवनारायणभाऊ,

परत भाऊ लिहिलं. राखी आठ दिवसांवर आली आहे, आता घरमालक लिहून कसं चालेल.

लाईट आली. तीच एक चांगली बातमी, म्हणून आधी सांगते. नंदाबाईंनीच सांगितलं की कोर्टात बायकांना फुकट वकील देतात. गेले. आकांक्षा नावाची मुलगी आहे, काळा कोट तिला जरा मोठाच होतो. तिनं पारसला आणि वीज कार्यालयाला नोटीस धाडली की राहत्या घराची लाईट अशी तोडता येत नाही, घरात इन्शुलिनवरचा पेशंट आहे. आठवड्यात लाईट आली. इन्शुलिन घरी आणलं तेव्हा ह्यांनी फ्रीजवर हात फिरवला.

त्या दिवशी मला वाटलं, कायदा माझ्या बाजूनं आहे. मी तिला तसं म्हटलंही. तिनं मला बसवलं, पाणी दिलं. वकील पाणी देतो तेव्हा समजून जायला हवं होतं.

"मावशी, भाडेकरूच्या बाजूनं कायदा हाये," ती म्हणाली. "कोर्टाच्या हुकमाबिगर कोणी बाहेर काढू शकत न्हाई. लेखी करार केला नसंल तर ती मालकाची चूक, अन् मंग भाडेकरू जे सांगतो त्याला वजन राहतं."

"मग झालं की."

"पण तुमी भाडेकरू हायेत हे तर दिसलं पाहिजे. पावती न्हाई, खात्यावर कायी न्हाई. अन् तपासणीच्या कागदावर तुमची स्वतःची सही, की नातेवाईक, विनाभाडे. मी कार्यालयातून नक्कल आणली." तिनं नक्कल पुढे ठेवली. माझं अक्षर मला लगेच ओळखू आलं.

मी म्हटलं, पेढीवरचे लोक साक्ष देतील, नंदाबाई देतील. लढू आपण. तेव्हा ती हळू आवाजात बोलायला लागली.

"समजा लढलो. समजा शाबीत झालं की तुमी भाडं देत होत्या. मंग त्याच क्षणी हेही शाबीत होतं की त्यांनी योजनेची अट मोडली. घर त्यांच्या नावावरून जाईल. सरकारकडं परत. तुमाला न्हाई मिळणार, मावशी. यादीत ज्याचा नंबर असंल त्याला मिळंल."

"म्हणजे मी जिंकले तरी?"

"तरी घर जातं. कोर्टाच्या तारखा चालतील तवर राहाल, तेवढंच."

"आणि बहीणच म्हटलं तर?"

"बहिणीला भावाच्या घरात कायी हक्क न्हाई. तो जा म्हणाला की जावं लागतं."

बाहेर आले तर रिक्षावाला विचारतो, कुठं जायचं. मला दोन मिनिटं सांगताच येईना.

भाऊ, घर एकच आहे. मी भाडेकरू म्हटलं की तुमचं जातं आणि मागून माझंही. मी बहीण म्हटलं की माझं जातं आणि तुमचं राहतं. तीन वर्षांपूर्वी एक शब्द तोंडून निघाला तेव्हा असं काही असेल याची मला कल्पना नव्हती. तुम्हालाही नसावी. आपण दोघांनी आपापल्या परीनं शहाणपणाच केला होता.

याच महिन्यात कार्यालय सगळ्या कॉलनीची तपासणी करणार आहे. दारोदार विचारणार, इथं कोण राहतं. इथं निम्म्या घरांत माझ्यासारखेच लोक आहेत. कोणी भाचा झालाय, कोणी मेव्हणा. वरच्या मजल्यावरचा एकजण तर मालकापेक्षा थोरला असून त्याचा पुतण्या आहे. एरवी मी यावर पोट धरून हसले असते.

तुम्ही या. मला एवढंच मागायचं आहे. तपासणीच्या दिवशी इथं येऊन बसा, तुमच्याच खुर्चीवर. तुम्ही घरात दिसलात तर लाभार्थी राहतो असं लिहितील आणि बहीण बहिणीच्या जागी राहील. आठ दिवस राहा, महिना राहा, कायमचे राहा. मी बाजरीची भाकरी करीन आणि तुमच्यासाठी वेगळं, कांदा-लसणाशिवायचं. ह्यांना बोलायला कोणी तरी हवंच आहे.

सोबत राखी पाठवते. यंदा बाजारातली नाही. पिशव्या शिवायचा जाड हिरवा दोरा कंपनीतून आणला होता, त्याची वळली आहे. मध्ये निळा मणी आहे तो तुम्ही ओळखाल. ह्यांच्या टेम्पोत आरशाला माळ असायची, त्यातला. टेम्पो विकला तेव्हा ह्यांनी माळ काढून ठेवली होती. मी मणी मागितला तर म्हणाले, "भाऊला पाठवतीस? मंग मोठा घे." हा त्यातला मोठा आहे.

पलकच्या हातून बांधून घ्या. उपाशी राहू नका.

तुमची बहीण,
सत्यशीला


जालना, २८ ऑगस्ट

काल कॉलनीत गणपती बसले. परवा तपासणी झाली.

तुम्ही आला नाहीत. पारस आला होता. साहेब आणि त्यांच्याबरोबर लिहून घेणारा एक. मी नवी साडी नेसले होते, कशासाठी कोण जाणे. आकांक्षानं सांगितलं होतं तसे घरातले सगळे कागद टेबलावर काढून ठेवले होते. नंदाबाई साक्षीला दारात उभ्या होत्या. काय बोलायचं ते मी रात्रंदिवस घोकलं होतं आणि खरं सांगते, मी भाडेकरूच म्हणणार होते. तुम्ही दोन महिन्यांत एक ओळ पाठवली नाहीत. बहिणीनं किती दिवस एकटीनं बहीण राहायचं?

साहेबांनी विचारलं, "तुमी कोण?" मी तोंड उघडायच्या आत पारस म्हणाला, "साहेब, आधी हे बघा." त्यानं कागद दिला, आणि मोबाईल त्यांच्यापुढे धरला. मोठ्या आवाजात लावला होता, म्हणून घरात सगळ्यांना ऐकू गेलं.

तुम्ही होतात. पांढऱ्या भिंतीपुढे बसून कागद वाचत होतात. आवाज बारीक झाला आहे तुमचा. "मी शिवनारायण. हे घर माझं हाये. मी इलाजासाठी मुलाकडं आलो. घरात जी बाई राहते तिचं अन् माझं कायबी नातं न्हाई. ती माझी भाडेकरू न्हाई. माझ्या गैरहजेरीत तिनं जबरदस्तीनं ताबा घेतला."

तुम्ही अडखळला नाहीत. मुनीम वाचतो तसं एकेक अक्षर सुटं वाचलंत.

मी मोबाईलकडे बघत होते. वाचताना तुम्ही कागद उजव्या हातात धरला होता, चेहऱ्याच्या अगदी जवळ. सदऱ्याची बाही कोपरापर्यंत वर केलेली होती. तुम्ही कधी बाही वर करत नाही, जेवतानासुद्धा नाही. आणि मनगटावर हिरवा दोरा होता, आणि निळा मणी. मोठा.

ह्यांनाही दिसला. त्यांची खुर्ची माझ्या शेजारीच होती. त्यांनी माझ्या पदराचं टोक धरलं आणि तसंच धरून ठेवलं.

साहेबांना दिसला नाही. पारसलाही नाही, नाही तर त्यानं परत शूटिंग करून आणलं असतं. पारसला काय, म्हाताऱ्या माणसाच्या हातात कसला तरी दोरा आहे, एवढंच.

साहेब म्हणाले, "बाई, तुमचं काय म्हणणं?"

भाऊ, माझ्या ओठावर आलं होतं. त्या हातावर बोट ठेवून सांगायचं की जिच्याशी नातं नाही तिनं ही राखी बांधली आहे, आणि त्या मण्याच्या जोडीचे मणी आत डब्यात आहेत, काढून दाखवते. तुमचा कागद तिथल्या तिथं खोटा पडला असता. पारसचं तोंड बघण्यासारखं झालं असतं. मला ते बघायचं होतं, भाऊ, फार बघायचं होतं. मग साहेबांनी लिहिलं असतं की लाभार्थी इथं राहत नाही, खोटं लिहून देतो. मी भाडेकरू म्हटलं असतं तरी तेच. दाराला सील लागलं असतं. आम्ही बाहेर, आणि तुमच्या नावावर काही नाही. टेपवाल्यानं ताबा घेतला तरी कागदावर घर अजून तुमचंच आहे; उद्या पारसनं तुम्हाला बाहेर बसवलं तर माझं म्हणायला तुम्हाला जालन्यात एक खोली उरली नसती. प्रेमबाईंचं नाव ज्या एकाच कागदावर आहे तो कागदही गेला असता.

मी म्हटलं, "माझं काही म्हणणं नाही."

नंदाबाई दारातून म्हणाल्या, "अहो, बोला की." मी बोलले नाही. दसऱ्यापर्यंत घर सोडीन असं त्यांनी लिहून घेतलं, मी सही केली. या घरात माझी सही नेहमी चुकीच्याच कागदावर होते.

आकांक्षा रागावली. म्हणाली, "मावशी, तुमी माझे हातच कापले." मी तिला मण्याचं सांगितलं नाही. ती लहान आहे, तिला वाटलं असतं यात काही तरी करता येईल.

मी काही थोर नाही. घरी आल्यावर ह्यांच्यावर विनाकारण ओरडले, भांडी आपटली. मला एवढंच कळत नाही की बाही तुम्ही मुद्दाम वर केलीत का. मला दिसावं म्हणून? की राखी आपोआप गळेपर्यंत काढायची नाही हा तुमचा नेम, आणि त्या दिवशी उकडत होतं? पारस समोर उभा असेल, कागद त्यानं लिहिला असेल, जेवण त्याच्या घरचं. तुम्ही दुसरं काय करणार होतात, हे मला समजतं. समजतं आणि तरी रडू येतं.

सत्यशीला


वडीगोद्री, १२ ऑक्टोबर

भाऊ,

वरचा गाव बघून समजला असालच. ही माझ्या माहेरची बाजू. माहेर उरलं नाही, पण ओळखीचे आहेत. हायवेला लागून टायरची दुकानं आहेत, त्यांच्या मागे पत्र्याची एक खोली मिळाली. दिवसभर ट्रकांचे आवाज. ह्यांना त्याचं काही नाही, उलट आवाजावरून सांगतात गाडीत माल भरलाय की रिकामी. दवाखान्याचं मात्र अवघड झालं. इन्शुलिन आणायला जालन्याला जावं लागतं, बर्फाचा डबा मांडीवर घेऊन बसनं परत. इथं लाईट फार जाते. डावा पाय टाचेशी जरा काळा दिसतो आहे. मी ह्यांना अजून सांगितलेलं नाही आणि त्यांनीही मला सांगितलेलं नाही.

घर सोडलं त्या दिवशीचं लिहिते. टेपवाल्यानं उतार तोडायला माणूस सकाळीच पाठवला होता, घण घेऊन. मी त्याला म्हटलं, "आधी ह्यांना तेवढं उतरू द्या." तो बाजूला झाला. ह्यांनी स्वतः चाकं धरली, कोणाला ढकलू दिलं नाही. आम्ही फाटकाशी पोचेपर्यंत मागे घणाचा आवाज सुरू झाला होता. ह्यांनी मान वळवली नाही, म्हणून मीही नाही.

प्रेमबाईंचा फोटो पारसकडे दिला. त्यानं तो पुसून पिशवीत घातला आणि म्हणाला, "काकू, बाबा रोज विचारतात, जालन्याहून कायी आलं का." मी विचारलं, माझी पत्रं देतोस का त्यांना? त्यानं पिशवीची गाठ बांधली. मग म्हणाला, "राखी दिल्ती." म्हणजे बाकीची दिली नाहीत. म्हणजे हे सगळं मी इतके दिवस पारसलाच लिहीत होते. तर पारस, तू वाचत असशील तर हे पत्र तरी त्यांना दे. यात तुझ्याविरुद्ध काही नाही.

भाऊ, आता तुम्हाला बोलावायचं आहे. भाऊबीज तेवीस तारखेला आहे. भाऊबीजेला भावानं बहिणीच्या घरी जायचं असतं, पण आपलं सगळंच उलटं होतं. दरवर्षी तुम्ही तुमच्याच घरी यायचात, मी तुमच्याच घरात पाट मांडायची, आणि दोघंही ते कोणाला कळू देत नव्हतो. यंदा तसं नाही. जालन्याच्या स्टँडवरून बसला बसा, वडीगोद्रीला हायवेवर उतरा, टायरवाल्या संपतचं दुकान कोणीही दाखवेल. त्याच्याच मागे. दाराला दोन पायऱ्या आहेत, मी त्यावर फळी टाकली आहे, सांभाळून या.

संपत खोलीचा मालक. पोरसवदा आहे, चांगला वाटतो. पहिल्याच दिवशी भाडं घेताना म्हणाला, "ताई, पावती कशाला, मी तुमच्या भावासारखा."

मी त्याला म्हटलं, "मला भाऊ आहे. तुम्ही पावती द्या."

वाट बघते.

सत्यशीला